हाय की न्हाय

तांडेलकाकांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता, आणि तीस वर्षं ते वायरमन होते. ज्यांना वायरिंगमधलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या काळी लाल वायर म्हणजे फेज, जिच्यात करंट असतो ती. काळी न्यूट्रल. आणि हिरवी अर्थिंगची, जी फ्रिजच्या नाहीतर गिझरच्या अंगाला जोडतात, कुणाला शॉक बसू नये म्हणून. लाल आणि हिरवीची अदलाबदल झाली तर काय होईल हे कळायला डिप्लोमा लागत नाही. ही गोष्ट फुटली असती तर काकांचं परमिट गेलं असतं, नोकरी गेली असती, आणि अख्ख्या भाईंदरमध्ये त्यांना कुणी बल्बसुद्धा बदलू दिला नसता. मला ती माहीत होती आणि मी सात वर्षं तोंड मिटून बसले होते. बरोबर केलं की चूक, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

अठ्ठ्याऐंशी साली मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन जयंतीशेठकडे लागले. शेठ बिल्डिंगांच्या वायरिंगची कंत्राटं घ्यायचे. मीरा रोडला तेव्हा मिठागरं बुजवून रोज एक नवी इमारत उभी राहत होती, त्यामुळे काम भरपूर. माझं काम केबलची यादी करण्याचं. कुठल्या खोलीत कुठली वायर, किती जाडीची, किती लांब, कुठून निघून कुठे जाणार, असं सगळं. आमचं घराणं मराठवाड्यातलं, वडील गिरणीत, आणि अख्ख्या साळव्यांत डिप्लोमा झालेली मी पहिली. त्या डिप्लोम्याचा मला इतका ताठा होता की वायरमन लोकांशी मी पुस्तकातल्यासारखं बोलायचे.

पहिल्याच आठवड्यात एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस माझ्या टेबलाशी आला. खाकी शर्ट, कानावर पेन्सिल, आणि वरच्या खिशातून जाळी विणायच्या नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ बाहेर डोकावत होतं. त्यानं नव्या वायरीच्या गुंडाळीचं टोक सोललं, चिमटीत धरून जरा फिरवलं आणि ती गुंडाळी माझ्यासमोर ठेवली.

"बाय, ही परत पाठव."

"का? यादीप्रमाणेच आहे. सात तारा मोजून घेतल्यात मी."

"सात हायत. पन त्यातल्या दोन उपाशी हायत."

मी मायक्रोमीटर काढला. एकेक तार मोजली. दोन तारा खरंच बारीक निघाल्या. मी परतीची चिठ्ठी लिहिली, आणि त्या दिवसापासून वायरमन लोकांशी माणसासारखं बोलायला लागले.

तांडेलकाका भाईंदरच्या जुन्या कोळीवाड्यातले. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होड्या, पण हे एकटेच जमिनीवर आलेले. का, ते कुणाला सांगत नसत. कुणी फार खोदून विचारलं तर म्हणायचे, "पान्यात बसून कंटाललो." शेठ कट्टर शाकाहारी, त्यामुळे काका डबा गच्चीवर जाऊन खायचे. शेठनी कधी हरकत घेतली नव्हती, पण काकांचं म्हणणं, म्हावरं उघड्यावर खाल्लं की जास्त गोड लागतं. वरून येताना हात तीनदा धुवायचे आणि तरी शेठ खिडकी उघडायचे.

वायर कुठली घ्यायची हे ठरवताना काका जे प्रश्न विचारायचे ते ऐकून गिऱ्हाइकाला वाटावं, हा माणूस स्थळ घेऊन आलाय. बेव्हर्ली पार्कात एका नोकरदार जोडप्याचा नवा फ्लॅट होता. मी वही घेऊन बसले होते, काका भिंतीकडे बघत उभे होते.

"घरात मानसं किती?"

"चार."

"गिझर?"

"नाही हो, आम्ही गॅसवर पाणी तापवतो," त्या बाई म्हणाल्या.

"पोरगी कितवीला?"

"सातवीला. का?"

"मंग गिझर येतोय. पोरी मोठ्या जाल्या का केस धुवाया गरम पानी लागतंय. बाय, लिही. बाथरूमला चारची जाड वायर."

त्या बाईंचे यजमान चिडले. म्हणाले, आमच्या मुलीच्या केसांचा आणि वायरीचा संबंध काय? काका शांतपणे म्हणाले, "साहेब, वायर आता भिंतीत जाते. गिझर मागनं येतो. तवा भिंत फोडाया मनाच बोलवाल, आनि मी शिव्या देईन. त्यापेक्षा आताच शिव्या द्या." दोन वर्षांनी त्या घरातून ऑफिसात पेढ्यांचा पुडा आला. दहावी नव्हती, लग्न नव्हतं. गिझर बसला होता.

पण काका ज्याच्यामुळे प्रसिद्ध होते ती गोष्ट वेगळीच. प्रत्येक वायरीच्या टोकाला ते तो जाळ्याचा दोरा बांधायचे. फेजला एक गाठ, न्यूट्रलला दोन, अर्थिंगला तीन. गाठी इतक्या नेटक्या आणि बारीक की कितीही ओढा, सुटायच्या नाहीत. वायर कोऱ्या गुंडाळीतून कापतानाच, स्टोअरमध्येच हे काम व्हायचं. "रंग उडतो," ते सांगायचे, "गाठ उडत न्हाय." सगळ्यांना पटायचं. हळूहळू गिऱ्हाइकंच मागायला लागली, आम्हाला तो गाठीवाला वायरमन पाठवा. एका काकूंनी तर मेनबोर्ड उघडून तीन गाठींना हळदकुंकू वाहिलं होतं, त्यांना वाटलं दृष्ट लागू नये म्हणून बांधतात. आणि दुसरे एक-दोन कंत्राटदार, हा काहीतरी नवा नियम आला असणार म्हणून, आपल्याही वायरींना दोरे बांधायला लागले. कुठल्या वायरीला किती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नुसतेच बांधायचे.

काकांची दुसरी खोड म्हणजे 'हाय' आणि 'न्हाय'. वायर भिंतीतून ओढून झाली की ती मध्ये कुठे तुटली नाही ना हे बघायला एका टोकाला बॅटरी आणि घंटी लावतात. दुसऱ्या टोकाचा माणूस वायर जुळवतो. घंटी वाजली की ओरडून सांगायचं, हाय. नाही वाजली तर न्हाय. तिसरं उत्तर काकांना चालायचं नाही. एकदा मी तळमजल्यावर घंटीशी होते, वरून काकांनी विचारलं आणि मी "बहुतेक वाजली" असं ओरडले. काका चार मजले उतरून खाली आले.

"बहुतेक म्हंजे केवडी वाजली?"

"म्हणजे... गाडी गेली ना रस्त्यावरून, नीट ऐकू नाही आलं."

"मंग न्हाय म्हनावं. 'बहुतेक' वायरीत मानूस मरतो, बाय."

एवढं बोलून ते परत चार मजले चढून गेले. मला फार राग आला होता, पण तो शब्द मी त्यांच्यासमोर पुन्हा कधी काढला नाही.

गुपित मला कळलं ते सिल्व्हर पार्कच्या एका इमारतीत. जिन्याखालची मीटरची खोली, चोवीस फ्लॅटांच्या वायरी येऊन लोंबत होत्या. रंगाऱ्यानं आदल्या दिवशी खोली रंगवताना, वायरींना हे काय घाणेरडे दोरे लागलेत म्हणून सगळे कातरून टाकले होते. काकांनी दार उघडलं, आत बघितलं आणि तसेच उभे राहिले. मी मागून म्हटलं, चला, लावून घेऊ, दुपारी शेठ येणारेत.

"बाय," काका म्हणाले, "जरा तूच सांग गं, लाल कुठली ती. माझ्या डोल्यावर ऊन येतंय."

जिन्याखालच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. चाळीसचा एक बल्ब होता, तोही पाठीमागे.

मी एकेक वायर हातात घेऊन सांगत गेले, लाल, हिरवी, काळी, आणि काका गाठी मारत गेले. बहात्तर वायरी. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि मी मनातल्या मनात मागची तीन वर्षं उलटी फिरवून बघत होते. स्टोअरमधून गुंडाळी आणायची तर वरचं छापील लेबल मोठ्यानं वाचायला लावणारे काका. माझ्या हिरव्यागार साडीला "लाल रंग शोभतो तुला" म्हणणारे काका. ती साडी मी वर्षभर नेसले नव्हते, मला वाटलं टोमणा आहे.

कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेताना त्यांनी आपणहूनच सांगितलं. समुद्रात जाळी लावली की वर तरंगत्या बोयाला बावटा लावतात, आपली जाळी कुठली ते लांबून ओळखायला. काकांच्या बापाचा बावटा हिरवा आणि शेजारच्या होडीवाल्या नाखव्याचा लाल. सोळाव्या वर्षी बापानं पहिल्यांदा विश्वासानं होडी हातात दिली, तर यांनी जाऊन त्या शेजाऱ्याची जाळी उपसली. भरलेली. गात-गात किनाऱ्याला आणली. किनाऱ्यावर तो नाखवा उभाच होता.

"गावात चोर जालो, बाय. बाप म्हनाला, पोरगा चोर न्हाय, आंधला हाय. मना वाटलं, चोर परवडला." चहाचा पेला त्यांनी खाली ठेवला. "मंग जमिनीवर आलो. लाल-हिरव्यापासून पलून आलो, तर हितं आख्ख्या भिंतीत तेच."

"पण परमिट कसं मिळालं तुम्हाला?"

"परीक्षेला साहेबांनी वायरीची जाडी विचारली. रंग विचारला न्हाय."

मला हसू आलं आणि रडूही. आणि धडकीही भरली, ते लपवत नाही. त्या आठवड्यात मी काकांनी वायरिंग केलेल्या पाच घरांत काही ना काही निमित्त काढून गेले, बोर्ड उघडले आणि एकेक टोक तपासलं. एकही चूक सापडली नाही. तेव्हा कुठे मी गप्प बसायचं ठरवलं. केबलच्या यादीत मी एक नवा रकाना वाढवला, 'गाठी'. शेठनी विचारलं, ये गाठी क्या है? मी म्हटलं, कोड आहे शेठ, नवीन पद्धत आहे. डिप्लोमावाली सांगते म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. आणि स्टोअरमध्ये गाठी मारायच्या वेळी मी रोज पाच मिनिटं तिकडे काहीतरी शोधत असायचे.

अशी सात वर्षं गेली. मग अठ्ठ्याण्णव साली काशीमीऱ्याला ऑप्टिकल फायबर आली आणि काकांची पंचाईत झाली.

हायवेला लागून एका व्यापाऱ्याचं मोठं गोदाम होतं, डाळी आणि सुक्या मिरच्यांचं. मागे गोदाम, पुढे ऑफिस, मध्ये ट्रकांचं पटांगण, अंतर दोनशे मीटरच्या आसपास. त्याला दोन्हीकडचे कॉम्प्युटर जोडून हवे होते. तांब्याच्या वायरीला या कामात शंभर मीटरच्या पुढे दम लागतो, म्हणून फायबर. काचेचा केसासारखा तंतू, त्यातून करंट जात नाही, उजेड जातो. शेठनी स्वस्तातली साधी केबल आणायचं ठरवलं होतं. काका गोदामात एक फेरी मारून आले.

"शेठ, हितं उंदीर हाय?"

"डाल का गोडाऊन है काका, उंदर तो होगा ही."

"मंग लोखंडी पट्टीची केबल घ्या. उंदराला काय म्हाईत ही काच हाय म्हनून." शेठनी तोंड वाकडं केलं, पण पट्टीचीच केबल आली. फायबर आयुष्यात पहिल्यांदा बघणाऱ्या माणसानं पाच मिनिटांत ती निवडली होती, आणि पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं ती बघून "करेक्ट" म्हटलं. त्या दिवशी काकांची छाती फुगली होती.

ती दुसऱ्या दिवशी उतरली. इंजिनिअरनं केबल सोलून दाखवली. आत चिकट जेलीत बसलेले सहा तंतू, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा आणि पांढरा. दोन्ही टोकांना डबीतल्या सहा खाचांत ते याच क्रमानं बसवायचे, की पुढचं जोडकाम इंजिनिअर करणार. काकांनी हळूच खिशातला दोरा काढला, तसा तो ओरडला, "नाही, नाही! गाठ नको! जरा घट्ट वळली तरी तुटेल, नाहीतर उजेड अडेल." काकांनी दोरा परत खिशात टाकला. माझ्या कानात पुटपुटले, "जिला गाठ मारता येत न्हाय ती दोरी देवानं कशाला केली?"

प्रत्यक्ष काम तिसऱ्या दिवशी होतं, आणि मी रात्रभर विचार करून एक युक्ती काढली होती. काका एकेक तंतू उचलतील आणि मी खोकून सांगेन. एकदा खोकले की निळा, दोनदा नारिंगी, असं सहापर्यंत. मोठी हुशारी. फक्त एक विसरले, की गोदाम मिरच्यांचं होतं. शेठ, इंजिनिअर आणि ज्याचं काम तो व्यापारी बघायला आत आले आणि दोन मिनिटांत सगळेच खोकायला लागले. शेठ एका दमात सात वेळा खोकले. सातवा रंगच नव्हता. काका तंतू चिमटीत धरून माझ्याकडे बघत होते आणि मी डोळे पुसत होते.

तरी त्यांनी सहाही तंतू खाचांत बसवले. इंजिनिअर वाकून बघायला लागला. आणि तेवढ्यात काकांनी डबीवर हात ठेवला.

"थांबा साहेब. बघू नका. मी अंदाजानं बसवलंय."

"अंदाजानं म्हणजे?"

"मना लाल-हिरवा कलत न्हाय. ह्यातले तीन मना सारखेच दिसतात. लहानपनापासनं." मग शेठकडे वळून म्हणाले, "शेठ, अंदाजाचं काम मी कवा केलं न्हाय. आज केलं. म्हनून सांगितलं."

सगळे नुसते खोकत होते. शेठचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला, आणि तो रंग तेवढा काकांनाही कळला असावा.

"तीस साल!" शेठ म्हणाले. "मेरे घर का वायरिंग किसने किया?"

"मीच केला."

"और अर्थिंग?"

"तीन गाठी हायत शेठ. जाऊन बघा."

"साळवे, तुमको मालूम था?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायचं सुचलंच नाही. शेठ हात झटकून म्हणाले, बस हो गया, काका, आजपासून वायरीला हात लावायचा नाही, घरी जावा. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काका उठले. जायला निघाले आणि दारातून परत आले, पण शेठकडे नाही, इंजिनिअरकडे.

"साहेब, एक विचारू? ह्यातनं उजेड जातो ना?"

"हो."

"मंग रंग कशाला पायजे? या टोकानं बॅटरी मारा. त्या टोकाला कंचा तंतू पेटला ते मी सांगतो. पेटला तो पयला. दुसऱ्यावर मारा, पेटला तो दुसरा. लाल असो का जांभला."

इंजिनिअर म्हणाला, मशीन जोडलेलं असताना आत कधी बघायचं नाही, लेझरनं डोळा जाईल, पण साध्या बॅटरीनं चालेल. चांगलं चालेल. मग त्यानं शेठकडे बघितलं. शेठनी खिशातला रुमाल काढून नाक पुसलं, आणि ट्रक ड्रायव्हरची टॉर्च मागून घेतली.

काका पटांगण ओलांडून ऑफिसच्या टोकाला गेले. भर दुपार होती, उन्हात तो एवढासा उजेड दिसायचा नाही म्हणून त्यांनी ट्रकची ताडपत्री डोक्यावरून ओढून घेतली. माझ्या बाजूनं दिसत होता तो फक्त एक हिरवा ढीग. इकडे इंजिनिअर एकेक तंतू धरायचा आणि शेठ स्वतः त्यावर टॉर्च मारायचे. मध्ये ट्रक घरघरत होते, हमाल ओरडत होते, पण या होडीवरून त्या होडीला हाक मारणाऱ्या घराण्यातला तो गळा होता. सगळ्यांच्या वरून ताडपत्रीतून आवाज आला.

"हाय!"

दुसरा. "हाय!" तिसरा. "हाय!" मी मुठी आवळून मोजत होते. माझीही नोकरी त्या ताडपत्रीखाली बसली होती, पण खरं सांगते, त्या वेळी मला तिची आठवण नव्हती. मला एवढंच वाटत होतं की या माणसाला आज कुणी पुन्हा आंधळा म्हणू नये.

चौथा, पाचवा. सहाव्या वेळी इंजिनिअरनं तंतू धरला. शेठनी टॉर्च वर आणली, माझ्याकडे तिरपं बघितलं आणि बटण बंद केलं. बंद टॉर्च तंतूवर धरून ते मोठ्यानं ओरडले, "काका! अब?"

एक ट्रक गेला. पाच वेळा होकार आला होता, सहावा तंतू एकच उरला होता. कुणीही सहज म्हणून टाकलं असतं, हाय. मी डोळे मिटले.

"न्हाय!" ताडपत्री ओरडली.

मग शेठनी टॉर्च लावली.

"हाय! आता हाय!"

"साळवे," शेठ टॉर्च माझ्या हातात देत म्हणाले, "कल से काका के साथ एक आदमी रखने का. रंग बोलने के लिए. और तुम वो खाँसना बंद करो."

पलीकडे ताडपत्री हलली. काका तिच्यातून बाहेर आले, केसांत धूळ, डोळे उन्हानं मिटलेले, सहा तंतू एका हातात फुलासारखे जपून धरलेले. आणि आमच्या दिशेनं, सबंध पटांगणाला ऐकू जाईल असं ओरडले, "बाय, मधी फसवत कोन व्हता गं?"